आमोस संदेष्टा : त्याचा ग्रंथ व त्याचा संदेश



‘संदेष्टा’ हा शब्द ऐकला, की पुढे काय घडणार ते आधी सांगणारा मनुष्य, असे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात उभे राहते. जुन्या करारातील संदेष्टे हे एक प्रकारचे भविष्यवेत्ते होते आणि त्यांचे ग्रंथ म्हणजे भाकितांची बाडे होत, अशी ही समजूत आहे. ती प्रथम दूर केल्यावाचून आजच्या विषयाला हात घालता येणार नाही. हिब्रू भाषेत संदेष्ट्याला ‘नबी’ म्हणतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधव मलिदा करून ज्या एलियाहू हन्नाबीचे स्मरण करतात, त्याच्या नावातला ‘नबी’ तो हाच. ज्याला बोलावणे आले आहे आणि ज्याला बोलल्यावाचून राहवत नाही, असा मनुष्य म्हणजे नबी. तो उद्याविषयी बोलतो हे खरे. पण त्याची दृष्टी लागलेली असते ती आजवर. आज तुम्ही असे वागत आहात, म्हणून उद्या असे होईल, अशी त्याच्या बोलण्याची रीत असते. त्यातला ‘म्हणून’ हा शब्द काढून टाकला, तर संदेष्टा आणि ज्योतिषी यांच्यात फरक उरणार नाही.

अशा संदेष्ट्यांपैकी ज्याची वचने त्याच्या नावाने ग्रंथरूपात जपली गेली, असा पहिला पुरुष बहुतेक अभ्यासकांच्या मते आमोस हा होय. त्याचा ग्रंथ अगदी लहान आहे; नऊ अध्याय आणि अवघी १४६ वचने. सावकाश वाचला तरी तासाभरात संपेल. परंतु धर्म म्हणजे काय, ह्या प्रश्नाला ह्या लहान ग्रंथाने असे काही वळण दिले, की आज पावणेतीन हजार वर्षांनंतरही त्यातील प्रश्न शिळा झालेला नाही.

आमोस हा दक्षिणेकडील यहूदा राज्यातला, तकोवा गावचा. हे गाव यरुशलेमच्या दक्षिणेस सुमारे १६ किलोमीटरवर, ओसाड रानाच्या कडेला आहे. तो मेंढरे पाळणारा होता आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखीत असे. ह्या झाडाची फळे नीट पिकावीत म्हणून त्यांना टोचे द्यावे लागत. म्हणजे आमोस हा हाताने काम करणारा मनुष्य खरा. पण तो अगदी दरिद्री होता असे मात्र समजू नये. त्याच्या धंद्यासाठी ग्रंथारंभी जो हिब्रू शब्द आला आहे, तोच अन्यत्र मवाबच्या मेशा राजासाठी वापरलेला आहे. तेव्हा आमोस चार कळपांचा धनी असण्याचा संभव आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच, की त्याचा संताप हा स्वतःच्या पोटाला चिमटा बसल्यामुळे आलेला संताप नव्हता. दुसऱ्याच्या पोटाला बसलेला चिमटा त्याला सहन झाला नाही.

त्याचा काळ इसवी सनापूर्वी आठव्या शतकाचा मध्य, म्हणजे साधारण ७६० ते ७५०. हिब्रू लोकांची त्या वेळी दोन राज्ये होती. दक्षिणेत यहूदा, तेथे उज्जिया राजा होता. उत्तरेत इस्राएल, तेथे दुसरा यराबाम राज्य करीत होता. आमोस दक्षिणेतला, पण बोलला तो उत्तरेत जाऊन. आणि उत्तरेचे राज्य त्या वेळी कसे होते? संकटात होते काय? मुळीच नाही! शेजारचे दिमिष्कचे राज्य अश्शूरच्या माराने खचले होते, आणि खुद्द अश्शूरचे बळही काही काळ ओसरले होते. ह्या संधीत यराबामाने राज्याच्या सीमा वाढविल्या. व्यापाराचे मार्ग हाती आले, राजधानी शोमरोनमध्ये धन वाहू लागले. देवळे गजबजलेली होती, सण थाटाने साजरे होत होते, यज्ञवेदीवरची आग विझत नव्हती. देव आपल्यावर प्रसन्न आहे याला आणखी कोणता पुरावा हवा, असे लोकांना वाटत असल्यास नवल नाही.

आमोसच्या ग्रंथात श्रीमंतांच्या हस्तिदंती घरांचा व पलंगांचा, उंची तेलांचा आणि वाडगे भरभरून पिण्याच्या द्राक्षारसाचा उल्लेख येतो. हे नुसते काव्य नव्हे. १९१० साली शोमरोनच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. त्यांपैकी साठांहून अधिक वाचता येतात. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानल्या जाणाऱ्या ह्या नोंदी कसल्या, तर आसपासच्या खेड्यांतून राजधानीत आलेल्या जुन्या द्राक्षारसाच्या आणि उत्तम तेलाच्या बुधल्यांच्या! पुढे १९३१ ते १९३५ या काळात तेथेच लाकडी सामानावर बसविण्याचे कोरीव हस्तिदंती तुकडे मोठ्या संख्येने मिळाले. मातीखालून निघालेल्या ह्या वस्तूंनी आमोसच्या बाजूने जणू साक्षच दिली आहे.

आता आपण ग्रंथाकडे वळू. त्याचा आरंभ मोठा चतुर आहे. आमोस प्रथम इस्राएलविषयी बोलतच नाही. तो शेजारच्या राष्ट्रांची नावे एकेक करून घेतो. दिमिष्कने गिलादच्या लोकांना लोखंडी दात्यांच्या अवजारांनी मळणी करावी तसे तुडविले. गज्जाने गावेच्या गावे पकडून गुलाम म्हणून विकली. सोर नगराने बंधुत्वाचा करार विसरून तेच केले. अदोमने भावावर तलवार उपसली. अम्मोनने सीमा वाढविण्याच्या लोभाने गर्भवती स्त्रियांचीही गय केली नाही. ह्या प्रत्येकाला परमेश्वर शासन करणार आहे, असे तो गर्जून सांगतो. ऐकणाऱ्या लोकांनी प्रत्येक नावाला माना डोलविल्या असतील. शत्रूचे दोष ऐकावयाला कोणाला कंटाळा येतो? मग तो मवाबचे नाव घेतो. मवाबचा अपराध काय? त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. येथे क्षणभर थांबले पाहिजे. ह्या अपराधाचा इस्राएलशी काहीच संबंध नाही. एका परक्याने दुसऱ्या परक्यावर केलेला तो अत्याचार आहे, आणि तरीही इस्राएलचा देव त्याचा जाब विचारीत आहे. देव हा आपल्या टोळीचा कैवारी, ही कल्पना येथे मागे पडते. माणसाची विटंबना कोणीही करो, कोणाचीही करो, तिचा हिशेब घेणारा एक न्यायाधीश आहे, असे आमोसला सांगावयाचे आहे.

मवाबनंतर यहूदाचे, म्हणजे वक्त्याच्या स्वतःच्या राज्याचे नाव येते. वर्तुळ असे आवळत आवळत अखेर ते समोर बसलेल्या श्रोत्यांवर येऊन मिळते. आणि गंमत अशी, की इस्राएलवरच्या आरोपांत लढाई नाही, कत्तल नाही, हाडे जाळणे नाही. तेथे आहेत ते रोजच्या व्यवहारातील अपराध. चपलांच्या एका जोडाच्या मोलाने तुम्ही गरजू माणसाला विकता, असा पहिला आरोप आहे. क्षुल्लक कर्ज फिटले नाही म्हणून ऋणकोला गुलाम करण्याची ही पद्धत. दुसरा आरोप गहाण ठेवलेल्या वस्त्रांचा आहे. हिब्रू नियमशास्त्रात अशी आज्ञा होती, की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्ताच्या आत परत द्यावे. कारण रात्री अंगावर घ्यावयास त्याच्याजवळ दुसरे काही नसते. आमोस सांगतो, की तुम्ही तीच वस्त्रे देवळात वेदीशेजारी अंथरून त्यांवर लोळता, आणि दंड म्हणून उकळलेल्या पैशांचा द्राक्षारस देवाच्याच घरात पिता. ज्याचे पांघरूण गेले तो बाहेर थंडीत कुडकुडत आहे, आणि ज्याने ते घेतले तो आत भक्तीत रंगला आहे! आमोसने पाहिलेले इस्राएल ते हेच.

तिसरे चित्र बाजारपेठेचे आहे. शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी व्यवहार बंद. आपल्याकडील बेने इस्राएल तेल्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम इतका निष्ठेने पाळला, की कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ हे नावच पडले. आमोसच्या काळचे व्यापारीही शब्बाथ पाळीत. दुकान उघडे टाकीत नसत. परंतु ते मनातल्या मनात घटका मोजीत, की हा सण कधी एकदा संपतो आणि आम्ही धान्याची कोठारे कधी उघडतो! आणि उघडल्यावर काय करावयाचे, तर माप लहान ठेवावयाचे आणि वजन मोठे. ही लबाडी दुहेरी आहे. त्या काळी तेथे नाणी नव्हती. किंमत चांदी तोलून देत. तेव्हा धान्य देताना माप उणे भरावयाचे आणि गिऱ्हाइकाची चांदी घेताना जड वजन लावून ती अधिक काढून घ्यावयाची. वर धान्यात कोंडा मिसळावयाचा तो निराळाच. आपल्या भाषेत याला ‘मापात पाप’ असा नेमका शब्द आहे. नियम पाळला जात होता, सण चुकत नव्हता. फक्त त्या सणाचा दुकानाशी काही संबंध उरला नव्हता.

आमोसच्या संदेशाचा गाभा ह्या ठिकाणी आहे. पाचव्या अध्यायात तो परमेश्वराच्या वतीने जे बोलतो, ते त्या काळच्या माणसाला ऐकवले नसेल. तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या होमबलींकडे मी पाहणार नाही, तुमच्या गाण्यांचा व वाद्यांचा गलबला मला नको, अशा आशयाचे ते बोलणे आहे. मग देवाला हवे आहे काय? आमोस दोन हिब्रू शब्द सांगतो : ‘मिश्पात’ आणि ‘त्सेदाका’. मिश्पात म्हणजे न्याय. पण केवळ तत्त्वातला न्याय नव्हे, तर वेशीत बसून ज्याचा त्याला हक्क मिळवून देणारा प्रत्यक्ष निवाडा. त्या काळी गावाची वेस हीच कचेरी असे. दान येथील उत्खननात वेशीपाशी दगडी बाकही सापडले आहेत. त्सेदाका म्हणजे नीतिमत्त्व, माणसाने माणसाशी नीट वागणे. हाच शब्द पुढे यहुदी समाजात दानधर्मासाठी रूढ झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गरिबाला देणे हा उपकार नव्हे, तो न्यायाचाच भाग आहे, असा अर्थ त्यात सामावलेला आहे.

हे दोन शब्द आमोस पाण्याच्या प्रतिमेतून मांडतो. न्याय पाण्यासारखा लोटत यावा आणि नीतिमत्त्व कधी न आटणाऱ्या प्रवाहासारखे वाहावे, अशी त्याची अपेक्षा आहे. त्या देशातले बहुतेक ओढे पावसाळ्यापुरते वाहतात आणि उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत पडतात. आपणांस, विशेषतः ह्या वैशाखाच्या दिवसांत, हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. सणापुरती उसळणारी भक्ती आमोसला पावसाळी ओढ्यासारखी वाटत असावी. त्याला हवा होता बारमाही झरा. १९६३ साली २८ ऑगस्टला वॉशिंग्टन येथे मार्टिन ल्यूथर किंग यांनी निग्रो समाजाच्या हक्कांसाठी जे प्रसिद्ध भाषण केले, त्यात त्यांनी ह्याच प्रतिमेचा आधार घेतला.

येथे एक शंका सहज निघेल. आमोस उपासनेच्याच विरुद्ध होता काय? देऊळ मोडा, सण बंद करा, असे त्याला म्हणावयाचे होते काय? काही विद्वानांनी तसे मत मांडलेही आहे. मला ते पटत नाही. शब्बाथाचा मान राहिला नाही म्हणून ज्याला राग येतो, तो शब्बाथाचा शत्रू असू शकत नाही. त्याचा आक्षेप उपासनेवर नाही. उपासनेला न्यायाच्या ऐवजी उभे करण्यावर आहे. कर्ज फेडावयाचे एकाचे आणि पैसे नेऊन द्यावयाचे दुसऱ्याला, म्हणजे कर्ज फिटत नाही. गरिबाचे जे लुबाडले ते देवाला नैवेद्य दाखवून परत होत नाही, एवढे साधे गणित तो मांडतो. साधे आहे म्हणूनच ते चुकविणे कठीण जाते.

अशा माणसाला लोक किती दिवस बोलू देणार? बेथेल हे इस्राएलचे राजमान्य देवस्थान होते. राज्य दुभंगल्यावर पहिल्या यराबामाने तेथे सोन्याचे वासरू स्थापन केले होते. तेथील याजक अमस्या याने राजाकडे निरोप धाडला, की आमोस तुमच्याविरुद्ध कट करीत आहे, यराबाम तलवारीने मरेल असे तो म्हणतो. ह्या निरोपातील एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आमोसचे मूळ बोलणे यराबामाच्या घराण्याविषयी होते. याजकाने ते राजाच्या देहावर आणून ठेवले. वक्त्याचे वाक्य किंचित वाकवून सत्तेच्या कानावर घालण्याची विद्या अशी फार जुनी आहे! पुढे यराबाम आपल्या मरणाने मेला; त्याच्या मुलाचा मात्र सहा महिन्यांतच खून झाला आणि घराणे संपले.

अमस्याने आमोसला सांगितले, की तू आपल्या यहूदात जा, तेथे भाकर खा आणि तेथेच संदेश दे. हे राजाचे देवस्थान आहे. ह्या बोलण्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, संदेश सांगणे हा पोट भरण्याचा धंदा आहे. आणि दुसरी, देऊळ राजाच्या मालकीचे आहे. आमोसने पहिल्या गोष्टीला सरळ उत्तर दिले. मी धंद्याने संदेष्टा नाही, संदेष्ट्यांच्या कोणत्या मंडळीतलाही नाही. मी गुरांमागे होतो, तेथून मला उचलून पाठविण्यात आले, असे त्याने सांगितले. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर म्हणजे त्याचा सगळा ग्रंथच आहे.

ह्याच सुमारास त्याला झालेल्या दर्शनांचे वर्णन येते. पहिल्या दोन दर्शनांत टोळधाड आणि आग दिसते. दोन्ही वेळा आमोस कळवळून विनवणी करतो, की हे राष्ट्र लहान आहे, ते कसे टिकेल? आणि दोन्ही वेळा अरिष्ट टळते. जो इतक्या कठोरपणे बोलतो तोच एकांतात त्या लोकांसाठी रदबदली करतो, हे विसरून चालणार नाही. तिसऱ्या दर्शनात परमेश्वर भिंतीपाशी उभा आहे आणि त्याच्या हाती ओळंबा आहे. मूळ हिब्रू शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत, पण परंपरेने ओळंबा हाच अर्थ घेतला जातो. गवंड्याचा ओळंबा कोणावर रागावत नाही, कोणाची भीड धरीत नाही. भिंत सरळ असेल तर सरळ, कलली असेल तर कलली, एवढेच तो दाखवितो. ह्या वेळी आमोस विनवणी करीत नाही. कललेल्या भिंतीसाठी ओळंब्याजवळ काय विनवावयाचे?

ह्या ओळंब्याची सर्वांत मोठी कसोटी लागते ती निवडलेपणाच्या कल्पनेला. आम्ही देवाचे निवडलेले लोक आहोत, तेव्हा आम्हांला भय नाही, असे इस्राएल समजत होते. आमोस तेच सूत्र उलटे फिरवितो. तुम्ही निवडलेले आहात, म्हणूनच तुमचा झाडा अधिक कडक घेतला जाईल, असे तो सांगतो. शेवटच्या अध्यायात तर तो आणखी पुढे जातो. मिसरातून तुम्हांला बाहेर आणले, ही तुमची अभिमानाची गोष्ट ना? पण पलिष्ट्यांना आणि अरामी लोकांनाही त्यांच्या त्यांच्या ठिकाणांहून त्याच देवाने आणले. दूरचे कूशी लोकही त्याला तुमच्यासारखेच आहेत, असा त्याचा अभिप्राय आहे. ज्यांना शत्रू मानले त्यांच्या इतिहासातही देवाचा हात पाहावयाचा, ही गोष्ट आज आपल्यालाही सोपी नाही. मग त्या काळी ती किती झोंबली असेल!

पुढे काय झाले ते इतिहासाला ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर गादीवर आला आणि अश्शूर पुन्हा बलाढ्य झाले. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. सत्तावीस हजारांहून अधिक माणसे तेथून नेल्याचे अश्शूरच्या सार्गोन राजाने आपल्या शिलालेखात नोंदविले आहे. आमोसच्या हिब्रू ग्रंथात अश्शूरचे नाव एकदाही येत नाही, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. शत्रू कोण आणि तो कधी येईल, हे त्याने सांगितले नाही. घर आतून पोखरले आहे, एवढे त्याने पाहिले. बाहेरचा धक्का कोणाचा लागतो, हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम होता.

ग्रंथाच्या शेवटी पडलेला मंडप पुन्हा उभारण्याचे, द्राक्षमळे पुन्हा फुलण्याचे आश्वासन येते. ते नंतर जोडले गेले असावे असे अनेक अभ्यासक मानतात. काहींना ते त्याचेच वाटते. हा वाद बाजूला ठेवू. कारण आमोसची खरी आशा, माझ्या समजुतीप्रमाणे, पाचव्या अध्यायातील एका लहानशा शब्दात आहे. वाईटाचा द्वेष करा, चांगल्याची आवड धरा, वेशीत न्याय स्थापन करा, असे सांगून तो म्हणतो, की मग कदाचित परमेश्वर उरलेल्यांवर कृपा करील. ‘कदाचित’! देवाच्या नावाने बोलणारा हा माणूस देवाच्या वतीने हमी देत नाही. इतकी वजने टाकली की इतके पुण्य मिळेल, असा सौदा तो करू देत नाही; कारण सौदा आला की पुन्हा माप आणि वजन आलेच. न्याय करा, तो फळासाठी नव्हे, तर तो करावयाचा असतो म्हणून. आणि पुढचे नम्रतेने सोडून द्या, अशी ही शिकवण आहे.

देश अडचणीत असताना माणसे स्वतःकडे पाहतात. भरभराटीच्या दिवसांत तसे पाहण्याची आठवण कोणी करून दिली, तर तो अपशकुनी वाटतो. आमोस असाच अपशकुनी वाटला आणि त्याला बेथेलमधून घालविण्यात आले. पण ज्यांनी त्याला घालविले, त्यांच्यातील अमस्याचे नाव आज आपणांस ठाऊक आहे ते केवळ आमोसच्या ग्रंथामुळे. त्याची वचने कोणीतरी जपली, उतरून काढली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचली. जपणारे त्याच लोकांपैकी होते, ज्यांच्यावर त्याने आरोप केले. आपल्यावर ठपका ठेवणाऱ्या ग्रंथाला पवित्र मानून उरापाशी धरणारा समाज विरळा. हिब्रू लोकांनी ते केले, आणि म्हणूनच तकोवाच्या त्या मेंढपाळाचा ओळंबा आज आपल्याही हाती येऊ शकला आहे. तो शेजाऱ्याच्या भिंतीला लावून पाहण्याचा मोह होईल. आमोसनेही शेजाऱ्यांपासूनच सुरुवात केली होती. पण तो थांबला कोठे, हे आपण पाहिलेच आहे.